एक इलेक्ट्रॉन गेला, तरी चिन्ह अधिकचे का? अणूच्या विद्युतप्रभाराचा हिशेब

नववीत शिकणाऱ्या आपल्या मुलीचे प्रश्न आपण पाठवले आहेत, ते थोडक्यात असे आहेत. सोडियमचा अणू एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, म्हणजे त्याच्याजवळचे काहीतरी कमी होते, मग त्याच्या डोक्यावर अधिकचे चिन्ह कशासाठी? क्लोरीनला इलेक्ट्रॉन मिळतो, तर तो उणे का? देवघेव इलेक्ट्रॉनचीच का होते, प्रोटॉनची का होत नाही? आणि शेवटच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन पूर्ण व्हावेत असे अणूला ‘वाटते’ म्हणजे नेमके काय? कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवताना यांतला पहिला प्रश्न मला जवळजवळ दर वर्षी कुणी ना कुणी विचारला, आणि ज्यांनी तो विचारला नाही त्यांच्यापैकी अनेकांच्या उत्तरपत्रिकांत तो चुकीच्या चिन्हाच्या रूपाने उमटला. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीत मावणारे नाही, म्हणून मी त्यावर अधिक वेळ घालवणार आहे.

आधी चिन्हाचा प्रश्न निकालात काढू. सोडियमच्या अणुकेंद्रकात ११ प्रोटॉन असतात आणि केंद्रकाभोवती ११ इलेक्ट्रॉन असतात. प्रत्येक प्रोटॉनवर जेवढा धनप्रभार, तंतोतंत तेवढाच ऋणप्रभार प्रत्येक इलेक्ट्रॉनवर असतो, म्हणून अधिक अकरा आणि उणे अकरा यांची बेरीज शून्य येते. अणू उदासीन असतो याचा अर्थ त्याच्यात प्रभारच नसतो असा मुले करून घेतात आणि गोंधळाचे मूळ बहुतेक वेळा तिथेच असते. अणूत दोन्ही प्रकारचा प्रभार भरपूर असतो, फक्त दोन्ही बाजू समसमान असल्याने बाहेरून काही जाणवत नाही. आता त्यातला एक इलेक्ट्रॉन निघून गेला की प्रोटॉन ११ आणि इलेक्ट्रॉन १० उरतात, आणि ११ मधून १० वजा केल्यावर अधिक एक शिल्लक राहतो. अणूमध्ये काहीही नवे आले नाही. केंद्रकातला एक प्रोटॉन, ज्याचा परिणाम आतापर्यंत एका इलेक्ट्रॉनने झाकला होता, तो उघडा पडला. क्लोरीनच्या बाबतीत १७ प्रोटॉनांसमोर १८ इलेक्ट्रॉन येतात आणि बेरीज उणे एक होते. वर्गात मी वाण्याच्या उधारीच्या वहीचे उदाहरण देत असे. ज्याच्या नावावर पाचशे रुपये उधार आहेत त्याची उधारी पुसली गेली, तर त्याच्याकडून काहीतरी ‘गेले’ हे खरे, पण त्याची स्थिती पाचशेने सुधारलेली असते. इलेक्ट्रॉन हा अणूच्या वहीतला उधारीचा आकडा आहे, असे समजले की उणे वस्तू वजा केल्यावर अधिक का मिळते हे पाठ करावे लागत नाही. हे उदाहरण मात्र चिन्हापुरतेच घ्यावे, कारण इलेक्ट्रॉन असणे ही अणूच्या दृष्टीने काही वाईट गोष्ट नव्हे.

तरीही इलेक्ट्रॉनलाच उणे का म्हणायचे, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर निसर्गात सापडत नाही, इतिहासात सापडते. फ्रान्समधील द्यु फे यांनी १७३३ च्या सुमारास घर्षणाने निर्माण होणारी वीज दोन प्रकारची असते हे दाखवले. एक काचेसारख्या पदार्थांवर येणारी आणि दुसरी राळेसारख्या पदार्थांवर येणारी. पुढे १७४७ च्या सुमारास बेंजामिन फ्रँकलिन यांनी असे मानले की वीज हा एकच द्रव आहे. तो ज्या वस्तूत जास्त झाला ती अधिक आणि ज्या वस्तूत कमी पडला ती उणे. रेशमाने घासलेल्या काचेत हा द्रव जास्त झाला असे त्यांनी धरले आणि काचेच्या वाट्याला अधिकचे चिन्ह आले. नेमके काय सरकते हे कळण्याचे कोणतेही साधन तेव्हा नव्हते. इलेक्ट्रॉन ओळखला गेला १८९७ मध्ये, जे. जे. थॉमसन यांच्या प्रयोगांतून, आणि तेव्हा लक्षात आले की घासताना काचेवरून इलेक्ट्रॉन रेशमावर जातात, म्हणजे सरकणारी वस्तू फ्रँकलिन यांच्या द्रवाच्या उलट दिशेने जाते. तोपर्यंत दीडशे वर्षांची पुस्तके, सूत्रे आणि उपकरणे त्या चिन्हांवर उभी होती, त्यामुळे चिन्हे तशीच राहिली आणि इलेक्ट्रॉनच्या पदरी उणे चिन्ह पडले. नाणेफेक उलटी पडली असती तर आज सोडियमचा आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावून प्रभारित झालेला अणू, ऋण म्हणवला गेला असता आणि रसायनशास्त्रात बाकी काहीही बदलले नसते. मुलीला चिन्ह विचित्र वाटत असेल, तर तिची शंका अगदी रास्त आहे असे तिला जरूर सांगावे.

प्रोटॉन का जात नाही, याचे उत्तर ऊर्जेच्या मापात आहे. सोडियमच्या सुट्या अणूतून सर्वात बाहेरचा इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ५.१४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवर वापरायचे ऊर्जेचे छोटे एकक) ऊर्जा लागते. ज्योत, घर्षण, अतिनील प्रकाश किंवा शेजारच्या अणूचे आकर्षण यांतून एवढी ऊर्जा मिळू शकते. त्याच अणूच्या केंद्रकातून एक प्रोटॉन उपटायचा तर ऐंशी लाखांहून अधिक इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, म्हणजे १५ लाख पटींहून जास्त. चुलीवर, परीक्षानळीत किंवा आपल्या पोटात होणाऱ्या कोणत्याही रासायनिक अभिक्रियेत केंद्रकाला धक्कासुद्धा लागत नाही. शिवाय प्रोटॉन गेलाच, तर तो अणू सोडियम राहणार नाही, कारण मूलद्रव्याची ओळख प्रोटॉनांच्या संख्येवर, म्हणजे अणुअंकावर ठरते. ११ चे १० झाले की तो निऑन होतो. इलेक्ट्रॉन गेल्याने किंवा आल्याने नाव बदलत नाही आणि वजनही जवळजवळ बदलत नाही, कारण इलेक्ट्रॉनचे वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारे १,८३६ व्या भागाइतके असते आणि सोडियमच्या अणूचे वस्तुमान एक इलेक्ट्रॉन गेल्यावर जेमतेम बेचाळीस हजारांत एका भागाने घटते.

नाव तेच राहिले तरी स्वभाव मात्र पूर्ण बदलतो. सोडियम धातू केरोसीनमध्ये बुडवून ठेवावा लागतो, पाण्यात टाकला तर तो उसळून पेटू शकतो, आणि त्याच सोडियमचे मीठ आपण आमटीत घालतो. ‘मग मीठ पाण्यात टाकल्यावर पेट का घेत नाही?’ हा प्रश्न मला एका विद्यार्थ्याने दरडावून विचारावा तसा विचारला होता. पाण्याशी जी झटापट होते ती सोडियमच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनमुळे होते. मिठातल्या सोडियमने तो इलेक्ट्रॉन आधीच गमावलेला असतो, म्हणून पाण्याशी करण्यासारखे भांडणच त्याच्याकडे उरलेले नसते. एका इलेक्ट्रॉनचा फरक हा रसायनशास्त्रात एवढा मोठा फरक असतो.

आता ‘वाटते’ या शब्दाकडे वळतो. पाठ्यपुस्तकात लिहिलेले असते की सोडियमला अष्टक, म्हणजे शेवटच्या कवचातले आठ इलेक्ट्रॉन, पूर्ण करून स्थैर्य मिळवायचे असते, म्हणून तो आनंदाने एक इलेक्ट्रॉन देतो, आणि क्लोरीन तो आनंदाने घेतो. नववीसाठी ही भाषा सोयीची आहे, पण ती अक्षरशः खरी मानली तर पुढे अडचण होते. एकटा, सुटा सोडियमचा अणू आपला इलेक्ट्रॉन स्वतःहून कधीही सोडत नाही. एक मोल (मोल म्हणजे कणांची एक ठरावीक, प्रचंड मोठी संख्या), म्हणजे २३ ग्रॅम, सोडियमच्या वायुरूप अणूंतून प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन काढायला ४९६ किलोजूल ऊर्जा बाहेरून द्यावी लागते. यालाच पहिली आयनीकरण ऊर्जा म्हणतात. क्लोरीनच्या एक मोल अणूंनी तेवढेच इलेक्ट्रॉन घेतले तर ३४९ किलोजूल परत मिळतात. म्हणजे देणाऱ्याकडून घेऊन घेणाऱ्याला पोहोचवण्याच्या या व्यवहारात १४७ किलोजूलचा तोटाच होतो. दोन्ही अणूंची अष्टके पूर्ण झाली, तरी हिशेब तोट्यात! केवळ अष्टकाच्या ओढीने हे घडत असते, तर मीठ कधी तयारच झाले नसते.

तोटा भरून निघतो तो नंतरच्या पायरीत. इलेक्ट्रॉन गेला-आला की एक कण धन आणि दुसरा ऋण होतो, आणि विरुद्ध प्रभार एकमेकांना ओढतात. हे आकर्षण अंतर कमी होईल तसे वाढत जाते. गणित केले तर असे दिसते की सोडियम आणि क्लोरीन एकमेकांपासून सुमारे ०.९४ नॅनोमीटरपेक्षा जवळ आले, की आकर्षणातून मिळणारी ऊर्जा १४७ किलोजूलच्या तोट्यापेक्षा जास्त होते आणि इलेक्ट्रॉनने उडी मारणे फायद्याचे ठरते. घनरूप मिठात तर प्रत्येक सोडियम आयनाला सहा क्लोराइड आयन वेढतात आणि प्रत्येक क्लोराइडला सहा सोडियम वेढतात, शेजाऱ्यांमधले अंतर फक्त ०.२८२ नॅनोमीटर असते, आणि अशी सुबक रचना सुट्या आयनांतून तयार होताना मोलमागे सुमारे ७८७ किलोजूल ऊर्जा बाहेर पडते. त्यातून १४७ चा तोटा वजा केला तरी ६४० किलोजूलचा घसघशीत नफा उरतो. म्हणून सोडियमने इलेक्ट्रॉन का दिला याचे खरे उत्तर ‘त्याला आठ हवे होते’ असे नसून ‘दिल्यानंतर जे आकर्षण निर्माण झाले त्याने किंमत वसूल केली’ असे आहे. नववीच्या परीक्षेत अर्थातच अष्टकाचेच उत्तर लिहावे. गुण त्यालाच मिळतात.

मग अष्टकाला काही अर्थच नाही का? आहे, पण तो थांबण्याच्या जागेविषयी आहे. सोडियमचा पहिला इलेक्ट्रॉन ४९६ किलोजूलमध्ये निघतो. दुसरा काढायला ४,५६२ किलोजूल, म्हणजे नऊ पटींहून अधिक ऊर्जा लागते, कारण तो आतल्या, केंद्रकाला अधिक जवळ असलेल्या भरलेल्या कवचातून काढावा लागतो. एवढी किंमत कोणत्याही स्फटिकातल्या आकर्षणातून वसूल होत नाही, म्हणून सोडियम एकवर थांबतो. मॅग्नेशियमचा पहिला इलेक्ट्रॉन ७३८ आणि दुसरा १,४५१ किलोजूलमध्ये निघतो, तिसऱ्याला मात्र ७,७३३ लागतात, म्हणून मॅग्नेशियम दोनवर थांबतो. पायऱ्या चढताना मध्येच भिंत यावी तसे हे आहे. भिंत कुठे आहे हे अष्टक सांगते. ऋण बाजूलाही असाच प्रकार दिसतो. ऑक्सिजनच्या अणूने पहिला इलेक्ट्रॉन घेतला की मोलमागे १४१ किलोजूल मिळतात, पण दुसरा घ्यायचा तर आधीच ऋण झालेल्या कणावर आणखी एक ऋण कण ढकलावा लागतो आणि त्यासाठी ७०० किलोजूलहून अधिक ऊर्जा खर्च करावी लागते. तरीही ऑक्साइड आयन सर्वत्र आढळतो, कारण दुहेरी धन आणि दुहेरी ऋण आयनांचे आकर्षण फार जबर असते. मॅग्नेशियम ऑक्साइडच्या स्फटिकात ते मोलमागे सुमारे ३,८०० किलोजूलपर्यंत जाते. भट्टीच्या विटांत हा पदार्थ का वापरतात, हे या आकड्यावरून समजते. लोखंडासारख्या मूलद्रव्यांत भिंत एवढी ठळक नसते, म्हणून लोखंडाचा आयन अधिक दोनही असतो आणि अधिक तीनही. आपल्या हिमोग्लोबिनमधले लोह अधिक दोन अवस्थेत ऑक्सिजन वाहून नेते. त्यातून आणखी एकच इलेक्ट्रॉन गेला आणि ते अधिक तीन झाले, की ऑक्सिजन नेण्याचे काम थांबते.

प्रभार अर्धा किंवा पाऊण का नसतो, असेही मुले विचारतात. इलेक्ट्रॉनचे तुकडे होत नाहीत, म्हणून आयनावरचा प्रभार नेहमी पूर्णांकाच्या पटीत असतो. रॉबर्ट मिलिकन यांनी १९०९ पासून पुढची काही वर्षे तेलाचे अतिसूक्ष्म थेंब विद्युतक्षेत्रात तरंगत ठेवून प्रत्येक थेंबावरचा प्रभार मोजला, तेव्हा तो दर वेळी एकाच लहान संख्येच्या पूर्ण पटीत निघाला. ही संख्या म्हणजे १.६०२१७६६३४ गुणिले १० चा उणे एकोणिसावा घात इतके कूलोम (कूलोम हे प्रभाराचे एकक). २०१९ पासून आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीत ती अचूक आणि कायम ठरवून टाकली आहे. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या बाजूला किंचित ऋण आणि हायड्रोजनच्या बाजूला किंचित धन प्रभार असतो असे पुढे अकरावीत येईल. तिथे इलेक्ट्रॉन पूर्णपणे गेलेला नसतो, दोघांत वाटून घेतलेला असतो आणि एका बाजूला जास्त झुकलेला असतो. ती गोष्ट आयनाची नव्हे.

आयनाचा आकार किती बदलतो हे मात्र नववीतच सांगायला हवे होते असे मला नेहमी वाटत आले आहे, कारण त्यातून प्रभाराचा अर्थ डोळ्यांसमोर उभा राहतो. सोडियम धातूतल्या अणूची त्रिज्या सुमारे १८६ पिकोमीटर, तर सोडियम आयनाची सुमारे १०२. क्लोरीनच्या अणूची ९९, तर क्लोराइड आयनाची १८१. देणारा आक्रसतो, घेणारा फुगतो. त्याहून बोलका क्रम असा आहे: ऑक्साइड, फ्लोराइड, सोडियम, मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम या पाचही आयनांत इलेक्ट्रॉन दहाच असतात, पण केंद्रकातले प्रोटॉन अनुक्रमे ८, ९, ११, १२ आणि १३ असतात. त्यांच्या त्रिज्या साधारण १४०, १३३, १०२, ७२ आणि ५४ पिकोमीटर अशा उतरत जातात. दहा इलेक्ट्रॉनांचा तोच ढग, पण त्याला आतून ओढणारे हात वाढत गेले की ढग आवळला जातो.

हिशेबाची हीच रीत अनेक अणूंच्या गटालाही लागू पडते. कल्हईवाला तापलेल्या पितळी पातेल्यात जो नवसागर टाकतो, त्यात अमोनियम नावाचा आयन असतो: नायट्रोजनचे ७ आणि चार हायड्रोजनांचे ४ असे ११ प्रोटॉन, आणि सगळ्यांमध्ये मिळून १० इलेक्ट्रॉन. अकरा आणि दहा, म्हणजे आकडे थेट सोडियम आयनाचेच, आणि प्रभारही अधिक एकच. मुलीला संयुजेचे तक्ते पाठ करण्याआधी दोन-तीन मूलकांचे, म्हणजे अशा प्रभारित गटांचे, प्रोटॉन-इलेक्ट्रॉन मोजायला लावावे. गटावरचा प्रभार हा कुठल्या एका अणूवर चिकटवलेला नसून पूर्ण गटाचा असतो हे त्यातून कळते.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. आयनांविषयी इतके बोलल्यावर मुलांना वाटते की बाटलीभर धन आयन कुठेतरी विकत मिळत असतील. तसे कधीच होत नाही, आणि ते का होत नाही हे समजण्यासाठी चहाच्या चमच्याभर मिठाचा हिशेब करून पाहावा. साधारण ५.८५ ग्रॅम मीठ म्हणजे मोलचा दहावा भाग. त्यातल्या सगळ्या सोडियम आयनांवर मिळून सुमारे ९,६५० कूलोम धनप्रभार असतो आणि क्लोराइड आयनांवर तेवढाच ऋणप्रभार. समजा, हे दोन ढीग वेगळे करून एकमेकांपासून एक किलोमीटर अंतरावर ठेवता आले. तरी ते एकमेकांना साडेआठ कोटी टन वजनाइतक्या जोराने ओढतील. विजेचा एक लोळ जमिनीवर आणतो तो प्रभार सर्वसाधारणपणे काही कूलोम ते काही दशक कूलोम असतो, यावरून तुलना लक्षात येईल. म्हणून निसर्गात धन आयन जिथे, तिथे शेजारी ऋण आयन असतोच आणि मिठाच्या डब्यात हात घातल्यावर झटका बसत नाही. केसांत फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो तेव्हा त्यावरचा जास्तीचा प्रभार काही नॅनोकूलोमच्या घरात असतो. दहा नॅनोकूलोम धरले तरी सुमारे ६,२०० कोटी इलेक्ट्रॉन झाले. आकडा मोठा वाटतो, पण कंगव्यातल्या अणूंची संख्या पाहता दहा लाख कोटींहून अधिक अणूंमागे एखादाच इलेक्ट्रॉन इकडून तिकडे गेलेला असतो.

मीठ पाण्यात विरघळते तेव्हा नवे आयन तयार होत नाहीत, असलेले आयन सुटे होतात. पाणी विरुद्ध प्रभारांमधले आकर्षण सुमारे ऐंशीव्या हिश्शावर आणते आणि प्रत्येक आयनाला आपल्या रेणूंचे कडे घालते. या मिठीतून मिळणारी ऊर्जा स्फटिक मोडण्याच्या खर्चाला जवळजवळ पुरते, मोलमागे फक्त चारेक किलोजूल कमी पडतात. द्रावणात आयन आधीपासूनच असतात हे मान्य करून घ्यायला विज्ञानाला वेळ लागला. ‘आयन’ हा शब्द मायकेल फॅरेडे यांनी विल्यम ह्युएल यांच्या सल्ल्याने १८३४ मध्ये रूढ केला, ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘जाणारा’ असा आहे, पण वीज सोडल्यावरच द्रावणात हे ‘जाणारे’ तयार होतात असा समज पुढे बरीच वर्षे टिकला. वीज न सोडताही द्रावणात आयन असतातच, या विचाराची सुरुवात स्वीडनचे स्वांटे अर्हेनियस यांनी १८८४ मध्ये उप्साला येथे सादर केलेल्या प्रबंधातून झाली. परीक्षकांनी त्या प्रबंधाला अगदी खालची श्रेणी दिली होती. त्याच कामासाठी १९०३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

ऊर्जा आकर्षणातून मिळाली नाही तर उष्णतेतूनही मिळते, आणि याचे सर्वात सुंदर गणित भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांनी कलकत्त्यात केले. सूर्याच्या वातावरणाच्या वरच्या थरांतही एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या कॅल्शियमच्या रेषा वर्णपटात (प्रकाश रंगांत विभागल्यावर मिळणाऱ्या पट्ट्यात) ठळक दिसतात, हे कोडे होते. साहा यांनी १९२० मध्ये दाखवले की तापमानाबरोबर दाबही महत्त्वाचा आहे: वायू विरळ असेल तिथे सुटलेल्या इलेक्ट्रॉनला परतायला जोडीदार लवकर भेटत नाही, म्हणून आयनांचे प्रमाण वाढते. ताऱ्यांचे वर्णपट वेगवेगळे दिसतात ते मुख्यतः तापमानामुळे, घटकद्रव्ये फार वेगळी असल्यामुळे नव्हे, हे साहा यांच्या या गणितावरून उलगडले, आणि खगोलशास्त्रज्ञ सेसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये त्याच आधारावर तारे प्रामुख्याने हायड्रोजनचे बनलेले असल्याचे दाखवले.

घरात कुणाचा रक्ततपासणीचा अहवाल असेल तर तो मुलीपुढे ठेवावा. त्यात ‘सोडियम १४०’ असे लिहिलेले असते ते धातूविषयी नसून लिटरमागे १४० मिलिमोल सोडियम आयनांविषयी असते. निरोगी माणसात तो आकडा साधारण १३५ ते १४५ असतो. त्याच अहवालात क्लोराइड सुमारे १०२ आणि बायकार्बोनेट सुमारे २४ दिसेल. धन बाजूला १४० आणि ऋण बाजूला १२६, मग उरलेले १४ कुठे गेले? रक्त प्रभारित असू शकत नाही, तेव्हा अहवालात न मोजलेले इतर आयन हिशेबात असलेच पाहिजेत. त्यांत अल्ब्युमिनसारखी ऋणप्रभारित प्रथिनेही येतात. हा फरक अवाजवी वाढला तर रक्तात कोणते तरी जास्तीचे आम्ल साठले आहे, अशी शंका डॉक्टर घेतात.

शेवटी, हे सगळे डोळ्यांना कसे दिसेल असे आपण विचारले आहे, त्यासाठी मोरचुदाचा, म्हणजे कॉपर सल्फेटचा, प्रयोग करावा. द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणासाठी वापरतात तेच मोरचूद, शेतीच्या औषधांच्या दुकानात मिळते. काचेच्या पेल्यात अर्धा पेला पाणी घेऊन त्यात अर्धा चमचा मोरचूद विरघळवावे आणि साधा लोखंडी खिळा पॉलिश कागदाने चकचकीत घासून त्यात अर्धा बुडवावा. जस्ताचा मुलामा दिलेला खिळा घेऊ नये, नाहीतर प्रयोग जस्ताचा होईल. काही मिनिटांत बुडालेल्या भागावर तांबूस थर चढू लागतो. निळा रंग पाण्याने वेढलेल्या तांब्याच्या आयनाचा असतो: २९ प्रोटॉन, २७ इलेक्ट्रॉन. लोखंडाचा अणू आपले दोन इलेक्ट्रॉन त्याला देतो, तांबे २९ ला २९ होऊन खिळ्यावर बसते, आणि लोखंड २६ प्रोटॉन व २४ इलेक्ट्रॉन अशा अवस्थेत पाण्यात उतरते. प्रत्येक उतरणाऱ्या अधिक दोनमागे एक अधिक दोन वर येतो, त्यामुळे पेल्यातल्या पाण्यावर प्रयोगभर कधीही प्रभार साठत नाही. एक-दोन दिवसांत निळाई फिकी पडून पाण्याला हिरवट झाक येते. मोरचूद विषारी आहे, म्हणून पेला पुन्हा पिण्यासाठी वापरू नये, हात धुवावेत, आणि द्रावण लगेच ओतून न देता निळा रंग पूर्ण जाईपर्यंत त्यात आणखी दोन-चार घासलेले खिळे टाकून ठेवावेत. तोपर्यंत जवळजवळ सगळे तांबे खिळ्यांवर आलेले असते.